उजनीकाठचा नेम

वारकरी संप्रदायात गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस काही बंधने एकदमच पत्करतो. दारू आणि मांसाहार सोडायचा, परधनाला हात लावायचा नाही, खोटे बोलायचे नाही, एकादशी धरायची, सांज झाली की हरिपाठ म्हणायचा आणि वर्षातून निदान एकदा पंढरपूरची वारी करायची. याला नेम म्हणतात. करमाळा आणि माढा तालुक्यांतील उजनी धरणाकाठच्या गावांत, आणि पलीकडच्या इंदापूर भागातही, स्वतःचा दर्जा वाढवण्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात स्वस्त रीत हीच आहे. तिला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, जातीची अट नाही. लागते ते एवढेच, की एकदा घेतलेला नेम अडचणीच्या दिवशीही मोडायचा नाही.

नेमाची ताकद त्याच्या नेमकेपणात आहे. ‘यापुढे चांगले वागेन’ हा संकल्प दोन दिवसांत विरतो, कारण तो कधी पाळला आणि कधी मोडला हे खुद्द करणाऱ्यालाही कळत नाही. एकादशीचे तसे नाही. ती महिन्यातून दोनदा येते, पंचांगात छापलेली असते, आणि त्या दिवशी घरात काय शिजले हे शेजाऱ्यालाही ठाऊक असते. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेला एक निष्कर्ष इथे लागू पडतो: केवळ ‘हे करायचे आहे’ असे ठरवणाऱ्यापेक्षा ‘अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झाले की हे करीन’ असे ठरवणारा माणूस ते काम तडीस नेण्याची शक्यता बरीच जास्त असते. दिवेलागणीचा हरिपाठ, कार्तिकातला पहाटेचा काकडा, आषाढीची वारी हे सगळे नेम वेळेला आणि प्रसंगाला बांधलेले आहेत. आज करावे की नाही, असा विचार करायला त्यांत जागाच ठेवलेली नाही.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. माळ बहुधा पंढरपुरात किंवा गावातल्या सप्ताहात, जाणत्या वारकऱ्याच्या हातून घातली जाते. त्या दिवसापासून गाव त्या माणसाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. माळकऱ्याने मापात मारले, दुधात पाणी घातले किंवा संध्याकाळी अड्ड्यावर पाऊल टाकले, तर लोक त्याचे नाव घेण्याआधी माळेचे नाव घेतात. हा धाक कडक आहे, कधी जाचकही होतो. पण दारूने घरे बसलेल्या गावांत अनेक बायकांनी नवऱ्यामागे माळेचा लकडा लावला तो याचसाठी. माळ घातलेल्या घरात आधी बंद होते ती दारूची उधारी, आणि हा फरक घरच्या बाईला सगळ्यात आधी जाणवतो.

या परंपरेत कामाचा दर्जा हाही भक्तीचाच भाग मानला गेला. त्याचे मूळ याच परिसरात आहे. पुणे–सोलापूर महामार्गालगत, टेंभुर्णी आणि मोडनिंबच्या मधे, माढा तालुक्यातले अरण हे संत सावता माळी यांचे गाव. त्यांचा काळ १२५० ते १२९५ असा मानतात, म्हणजे ते ज्ञानेश्वर आणि नामदेव यांचे समकालीन. मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला, आणि पंढरी इतकी जवळ असूनही मळा सोडून जाण्याची गरज त्यांना वाटली नाही, असे परंपरा सांगते. त्यांचे अभंग काशीबा गुरव यांनी लिहून ठेवले म्हणून टिकले. आज ३७ अभंग उपलब्ध आहेत. आषाढ वद्य चतुर्दशी ही त्यांची पुण्यतिथी. त्या सुमारास विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून निघून अरणला येते. बाकी सगळ्या संतांच्या पालख्या देवाकडे जातात, इथे देव भक्ताच्या मळ्याकडे येतो. शेतकऱ्याच्या कामाला एवढा मोठा मान देणारी प्रथा क्वचितच सापडेल. सावत्यांच्या या वारशाचा व्यवहारातला अर्थ साधा आहे: पाभर सरळ चालली पाहिजे, वाफ्याला पाणी बेताचे मिळाले पाहिजे, जुडी आतूनही तितकीच ताजी पाहिजे. पूजा आणि काम वेगळे काढले की दोन्हींचा दर्जा उतरतो.

या नेमाची खरी परीक्षा विसाव्या शतकात झाली. भीमाशंकरला उगम पावणारी भीमा माढा तालुक्यात उजनी गावाजवळ अडवण्यात आली. धरणाचे बांधकाम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये पूर्ण झाले. जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून ‘यशवंतसागर’ म्हणतात. सोलापूर हा जुना दुष्काळी जिल्हा. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे खडी फोडायला गेली होती, जनावरे कवडीमोलाने विकली गेली होती. अशा जिल्ह्याला हे पाणी हवेच होते, यात वाद नाही. पण त्यासाठी बुडाली ती नदीकाठची काळीभोर जमीन. पिढ्यान्‌पिढ्या गाळाने पोसलेल्या, विहिरीवर बागायत होणाऱ्या त्या पट्ट्यातून करमाळा, माढा, इंदापूर, दौंड आणि कर्जत तालुक्यांतली गावे उठली.

धरणाचे काम सुरू झाले तेव्हा विस्थापितांसाठी कायदा नव्हता. राज्याचा प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६ चा. त्यानंतर १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. उजनीचे काम कायद्याआधीच बरेच पुढे गेले होते. त्यामुळे मोबदला, पर्यायी जमीन, नव्या गावठाणातल्या सोयी या सगळ्यांसाठी लोकांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. कित्येक घरांत बापाने सुरू केलेला अर्ज मुलाने पुढे चालवला. धीर धरणे म्हणजे हात जोडून बसणे नव्हे, हे या भागाला कुणी शिकवावे लागले नाही.

धरणामुळे उठलेल्या माणसांचे नेमके काय काय जाते, याचा अभ्यास जगभर झाला आहे. आफ्रिकेत झांबेझी नदीवरच्या करिबा धरणामुळे सुमारे ५७,००० टोंगा लोक उठले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर या मानवशास्त्रज्ञांनी १९५६ पासून कित्येक दशके त्यांचा माग ठेवला. पुढे मायकेल सेर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके मांडले. जमीन जाणे, काम जाणे, घर जाणे, समाजातली पत घसरणे, अन्नाची भ्रांत, आजारपण, गायरान-नदीसारखी सामाईक मालमत्ता जाणे, आणि शेवटचा धोका म्हणजे माणसामाणसांतले जुने धागे तुटणे. पहिल्या सातांची भरपाई अपुरी का होईना, रुपयांत करता येते. आठव्याची कोणत्याही सरकारी तक्त्यात नोंद नसते.

उजनीकाठी हे धागे तुटले, यात शंका नाही. एकच गाव दोन-तीन ठिकाणी विखुरले. केतूर नंबर एक आणि केतूर नंबर दोन, चिखलठाण नंबर एक आणि दोन, वांगीचे तर त्याहून जास्त तुकडे. गावाच्या नावापुढे असा आकडा लागणे हे करमाळा तालुक्यात आता इतके सवयीचे झाले आहे, की नव्या पिढीला त्यात काही खटकत नाही. भावकी दोन काठांना वाटली गेली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्यात राहिले. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले की त्याचे शिखर आणि पुढे मंडप उघडा पडतो, तेव्हा लांबून माणसे पाहायला येतात. त्यांत म्हातारी माणसे असतात, ज्यांनी लहानपणी तिथे प्रदक्षिणा घातलेली असते.

मग ही गावे पुन्हा गावे कशी झाली? नवीन गावठाणात सरकारने रस्ते आखले, प्लॉट पाडले. पण त्या प्लॉटवर शेजारी म्हणून जो आला तो कदाचित जुन्या गावात दुसऱ्या टोकाला राहणारा, किंवा दुसऱ्याच गावचा. त्यांना एकत्र आणण्याचे मोठे काम अखंड हरिनाम सप्ताहाने केले. सात दिवस पहाटेचा काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथेवरचे भजन, संध्याकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यानंतर जागर आणि शेवटच्या दिवशी काला. या सगळ्यात वीणेचा पहारा हा भाग मुद्दाम लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. सप्ताह सुरू झाला की वीणा खाली टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने येऊन ती गळ्यात घ्यायची, रात्री दोन वाजता असो की भर दुपारी. पहाऱ्याची यादी आधीच लागते. ज्याची वेळ आहे तो आला नाही तर उभा असलेला माणूस वीणा ठेवून जाऊ शकत नाही. तो तसाच उभा राहतो. कुणाच्या तरी भरवशावर कुणीतरी उभे आहे, ही गोष्ट अनोळखी शेजाऱ्यांना व्याख्यानाने कळली नसती. पंगतीचे धान्य घरोघरचे, भाकरी घरोघरच्या, आणि वाढपी तरुण मुले. धागे असे पुन्हा जुळत गेले.

श्रद्धेचा असा उपयोग होतो याला बाहेरचाही पुरावा आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. गरिबी, भांडणे, व्यसन, आजार अशा घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि समंजस माणसे झाली. त्यांच्यात सापडलेल्या समान गोष्टींत घरात किंवा बाहेर निदान एक भरवशाचे मोठे माणूस आणि श्रद्धेने बांधलेल्या एखाद्या समूहाचा आधार यांचा समावेश होता. भजनी मंडळात पखवाज शिकवणारा म्हातारा, चुकले तर टाळ हातातून काढून घेणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणारा, हा उजनीकाठच्या कितीतरी पोरांसाठी असा माणूस ठरला आहे.

धरण झाले, लोक वसले, म्हणून ताण संपला नाही. त्याचे रूप बदलले. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी कालव्याच्या तोंडाखाली. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून उन्हाळ्यात ‘धरण मायनसमध्ये गेले’ असे ऐकू येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते जवळजवळ उणे साठ टक्क्यांवर गेले, म्हणजे मृत साठ्यातलेही निम्मे पाणी संपून जेमतेम ३१–३२ टीएमसी उरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलेही. एका वर्षात पाणी इतके उतरते आणि चढते, आणि काठावरच्या शेतकऱ्याचे सगळे गणित त्यावर हलते.

पाणी मागे सरकले की शेतकऱ्याची मोटार कोरडी पडते. मग पाइप वाढवायचा, केबल ओढायची, मोटार चिखलातून पुढे न्यायची. आठ दिवसांनी पाणी आणखी सरकले की पुन्हा तेच. गाळात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत आणायचे. एकट्याला हे झेपत नाही, म्हणून चार-सहा जण मिळून एक चारी ओढतात. विजेची वेळ कमी केली की रात्री उठून मोटार धरायची. उघड्या पडलेल्या तळात गाळपेर करून ज्यांना चार महिन्यांचे पीक काढता येते ते काढतात. धरणाच्या पाण्यावर कालव्याचे, सोलापूर-पंढरपूरच्या पिण्याच्या पाण्याचे, आषाढीला चंद्रभागेत सोडायच्या पाण्याचे असे अनेक हक्क लागतात, आणि प्रत्येक आवर्तनाला काठावरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आपल्या उभ्या उसापुढचे पाणी पंढरीला चालले आहे हे पाहून तोच माणूस आठ दिवसांनी त्या चंद्रभागेत स्नानाला जातो. यात विसंगती शोधण्यापेक्षा त्याच्या मनाचा मोठेपणा पाहणे जास्त न्यायाचे आहे.

या पाण्यावर सगळ्यात आधी ऊस वाढला. करमाळ्यात आदिनाथ आणि मकाई हे साखर कारखाने, माढ्यात पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना, शिवाय अकलूज-इंदापूर बाजूचे. उसाने घरे बांधली, मुले शिकली, हे खरे. पण उसाने एक सैलपणाही आणला. लावण केली, पाट सोडला, तोडणीपर्यंत फारसे बघावे लागत नाही. बिल मात्र कारखान्याच्या मर्जीवर. पाटाने सोडलेल्या पाण्यात जमिनी चिबडत गेल्या. शेतीतला स्वतःचा दर्जा वाढवण्याची वाट काही शेतकऱ्यांना केळीने दाखवली. कंदर हे करमाळा तालुक्यातले गाव आणि त्याचा परिसर आज निर्यातीच्या केळीसाठी ओळखला जातो. माल आखाती देशांत जातो.

निर्यातीची केळी हा अतिशय शिस्तीचा धंदा आहे. टिश्यू कल्चरची एकसारखी रोपे, गादीवाफा, ठिबक आणि ठिबकमधूनच खत. घड बाहेर पडला की ठरावीक फण्या ठेवून बाकीच्या काढायच्या, केळफूल वेळेवर मोडायचे, फळाच्या टोकाची सुकी फुले हाताने काढायची, घडाला पिशवी चढवायची, वाऱ्याने पान घासून फळावर ओरखडा येऊ नये म्हणून आसपासची पाने आवरायची. काढणीला घड जमिनीवर टेकवायचा नाही. फण्या तुरटीच्या पाण्यात धुवून चीक घालवायचा, डाग पडलेले फळ बाजूला काढायचे, मग सुमारे तेरा किलोंच्या खोक्यात थर लावायचे. एका फणीवर नखाची खूण दिसली तर ती लोकलला जाते, आणि लोकलचा दर निराळा. घेणारा हजारो मैलांवर, त्याच्याशी भाषेची ओळख नाही, शेतकऱ्याचे तोंड तो कधी पाहणार नाही. कुणी पाहत नसतानाही काम तेवढेच नीट करायचे, ही सावता माळ्यांच्या गावाशेजारी शिकलेली गोष्ट इथे थेट दरात उतरते.

मात्र केळीही बिनधोक नाही. वैशाखातल्या एका वादळात उभी बाग आडवी होते, रमजान संपला की बाहेरची मागणी घसरते, आणि पाणी पिणारे पीक म्हणून उसावर जी टीका होते ती केळीलाही टळत नाही. ठिबकशिवाय ती या पाण्यावर परवडणारी नाही.

श्रद्धेच्या नावाने चुकीच्या वाटाही निघतात, आणि त्या सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पीक जळाले की ‘पांडुरंगाची इच्छा’ म्हणून विमा न भरणे, आजारी मुलाला दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेणे, नवस फेडण्यासाठी जनावर विकणे हा नेम नव्हे. नवसाने फळ मिळते या समजुतीवर तुकाराम महाराजांनी कडक प्रहार केला आहे. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि आयुष्यभर कीर्तनातून एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगितली: कर्ज काढून जेवणावळी घालू नका, देवापुढे पशू कापू नका, मुलांना शाळेत घाला. पंढरीच्या देवळाचे दार दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. संप्रदायाने समतेचा नेम तोंडाने सहाशे वर्षे म्हटला होता, तो दारापर्यंत यायला एवढा काळ गेला. आज काही गावांत सप्ताहाच्या मंडपावर, कर्णकर्कश ध्वनिक्षेपकावर आणि कीर्तनकाराच्या बिदागीवर जो खर्च होतो, त्यात शेजारच्या गावाला मागे टाकण्याची ईर्ष्याच जास्त दिसते. वर्गणीचा आकडा फलकावर लावला की गरीब घर उसने काढून वर्गणी देते. हा दर्जा वाढवणे नाही.

नेमाने न सुटणारे प्रश्नही आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. उन्हाळ्यात पाणी हिरवे पडते, त्याला वास येतो. काठावरचा माळकरी एकादशीला उपवास करील, पण हे पाणी शुद्ध करणे त्याच्या हातात नाही, ते शहरांच्या महापालिकांचे आणि सरकारचे काम आहे. बोटींचेही तसेच. काठावरून समोरचे गाव दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. कुगाव ते शिरसोडी पुलाची मागणी त्याआधीपासूनची होती. पूल बांधणे, बोटींची तपासणी करणे, जीवरक्षक जाकिटे पुरवणे ही शासनाची जबाबदारी. वैशाखात दुपारनंतर आभाळ काळवंडले की बोट सोडायची नाही, ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त घ्यायचा नाही, आणि जाकीट घातल्याशिवाय कुणाला बसू द्यायचे नाही, मग तो पाहुणा असो, पुढारी असो की सासुरवाडीला निघालेला जावई, हा नेम मात्र बोटवाल्याचा आणि बसणाऱ्याचा.